सांभाळून जा

कामावर तिला सगळ्या जणी टाचणी म्हणत. हे नाव नवऱ्याने पाडलेलं. तोंडात चार टाचण्या धरून कपड्याची उंची बेतायची आणि त्याच टाचण्यांच्या फटीतून बोलायचं, ही तिची लग्नाआधीपासूनची सवय. आणि बोलणंही असं, की टाचण्या परवडल्या. नवरा तिला न्यायला यायचा तेव्हा वर्कशॉपच्या खिडकीखालूनच "ए टाचणे" अशी हाक घालायचा. परक्या मुलखातलं, तयार कपडे कमी-जास्त करून देणारं ते वर्कशॉप. तिथे सात मुलखांतल्या बायका, एकीची भाषा दुसरीला कळेना, पण ही हाक मात्र सगळ्यांनी उचलली. अर्थ एकीलाही ठाऊक नव्हता. नवरा गेल्यावरही त्या तिला त्याच नावाने बोलवत राहिल्या, आणि दर हाकेला तिची मान खिडकीकडे कशी वळायची ते त्यांना कळायचं काही कारण नव्हतं.

नवरा गेला तो एका साध्या मंगळवारी. सायकलवरून गोदामात कामाला निघाला आणि तिसऱ्या चौकात वळणाऱ्या ट्रकखाली आला. पोलिसांच्या कागदावर सगळं अर्ध्या पानात मावलं. पण त्याआधी दहा मिनिटं घरात जे झालं ते कुठल्याच कागदावर नव्हतं, आणि तेच तिला आतून कुरतडत होतं.

झालं होतं असं. स्वारीला किल्ली सापडेना. हे रोजचंच. लेक आधीच शाळेत गेलेली, तीही आदल्या दिवशीच्या कुरबुरीवरून बापाशी एक शब्द न बोलता, गाल फुगवून. टाचणी घरी आणलेल्या एका कोटाची बाही उसवत बसली होती. हा दार सताड उघडं टाकून आत-बाहेर, आत-बाहेर, आणि गार वारा सगळा हिच्या पायांवर. शेवटी किल्ली निघाली ती त्याच्याच खिशात. तेव्हा ती टाचण्यांसकट ओरडली, "मर मेल्या एकदाचा, पण जाताना दार लाव!"

तो हसला. "आधी दार लावतो, मग मरतो," म्हणाला, आणि खरंच दार लावून गेला.

आता तुम्हीआम्ही जाणतो, की ज्या घरात बायको नवऱ्याला मेल्या म्हणते त्या घरात बहुधा सगळं ठीक असतं. खरा राग आला की ती अहो-जाहो करायला लागते, तेव्हा घाबरावं. पण हे जाणूनही उपयोग नव्हता, कारण शब्द तोंडातून गेला होता आणि माणूस शब्दाला जागला होता. तिला दार बघवेना, आणि दाराकडे पाठही करवेना. दाराकडे तोंड करून खुर्चीत बसल्या बसल्याच ती डुलक्या काढायची, अंथरुणाला पाठ म्हणून लागायची नाही. एका गिऱ्हाइकाच्या कोटाला तिने दोन्ही डाव्या बाह्या लावल्या, तेव्हा मुकादमाने डोक्याला हात लावला. माणूस भला. ओरडला नाही. कामगारांसाठी समुपदेशनाची सोय होती, बारा भेटींची, तिथे त्याने तिचं नाव घातलं.

समुपदेशक बाई काही डॉक्टर नव्हती, पण टाचणी तिला डॉक्टरीणबाईच म्हणायची. पन्नाशीची, केस बारीक कापलेली, आवाज मऊ. खोलीत तीन खुर्च्या, टेबलावर कागदी रुमालांचा डबा, आणि घड्याळ असं टांगलेलं की ते फक्त बाईंनाच दिसावं. त्यांना आपली भाषा येत नव्हती आणि टाचणीला त्यांची कामापुरतीच: आखूड, लांब, उद्या, दार, रोज, असे चाळीसेक शब्द. म्हणून तिसऱ्या खुर्चीत दुभाषी बाई.

दुभाषी बाईंना पाहिलं तेव्हा टाचणीला कोण आनंद झाला होता! तीस वर्षं त्या मुलखात काढलेली बाई, साखळीला अडकवलेला चष्मा, पर्समध्ये पेपरमिंटच्या गोळ्या. पण तोंड उघडलं तर घरचीच. "काही घाबरू नका हो, मी आहे ना," असं त्या पहिल्याच दिवशी म्हणाल्या, आणि नवरा गेल्यापासून समोरासमोर आपल्या भाषेतला मायेचा शब्द लेकीखेरीज कुणाकडून ऐकला नव्हता, तो ऐकून टाचणी तिथे बाहेरच्या बाकावरच रडली. त्या दिवसापासून ती त्यांना ताई म्हणायला लागली.

डॉक्टरीणबाईही प्रामाणिक होत्या, हे सांगितलंच पाहिजे. त्यांनी ताईंकडून आपला एक शब्द मागून घेतला होता: "बसा." टाचणी आली की त्या अडखळत, पण मनापासून म्हणायच्या, "बसा." गंमत अशी, की वेळ संपली आणि टाचणी उठली की निरोप देतानाही त्या हात जोडल्यासारखं करून "बसा"च म्हणायच्या. ताई तोंडाला रुमाल लावून हसत. दुरुस्त मात्र कधी केलं नाही.

पहिल्या पाच भेटी इकडच्या तिकडच्या गोष्टींत गेल्या. झोप, भूक, लेकीची शाळा. टाचणीची नजर मापाची. तिच्या लक्षात यायचं, की आपण हातभर बोलतो आणि ताई वीतभर सांगतात. पण तिने स्वतःची समजूत घातली, की त्यांची भाषा मोठ्या पन्ह्याची असेल, कमी कापडात भागत असेल. आपल्या माणसावर शंका घ्यायची तर मग कुणावर विश्वास ठेवायचा?

सहाव्या भेटीत तिने सगळं सांगितलं. किल्ली, वारा, बाही, 'मर मेल्या'. तो हसला तेही. दार लावून मरतो म्हणाला तेही. सांगताना तिने डोळे मिटून घेतले होते, कारण तिची खात्री होती की डोळे उघडले की समोरची बाई खुर्ची मागे सरकवून बसलेली दिसेल.

ताईंनी चष्मा काढला, पुन्हा लावला. मग त्यांनी वीतभर सांगितलं. डॉक्टरीणबाईंचे डोळे भरून आले. त्या पुढे झुकल्या, हलकेच काही बोलल्या, आणि ताईंनी ते आपल्या भाषेत आणलं. "त्या म्हणतायत, तुमचे शेवटचे शब्द ते सोबत घेऊन गेले. ते चांगलंच झालं. त्यात तुमची काही चूक नाही."

टाचणी बघतच राहिली. मर म्हटलेलं चांगलं झालं? परक्या मुलखातली, परक्या भाषेची बाई, आणि तिला कळलं? सख्ख्या आईला सांगायची आपली छाती झाली नाही, आणि हिला त्या मेल्यामधलं प्रेम बरोबर ऐकू गेलं? घरी येताना तिला वाटत होतं, की माणूस शेवटी माणूसच, भाषा काय वरची शिलाई. त्या रात्री ती अंथरुणावर झोपली. दुसऱ्या दिवशी लेकीने तिला हलवून उठवलं. पुढच्या पाच भेटींत ती हसायलाही लागली आणि कोटांना पुन्हा एक उजवी, एक डावी अशा बाह्या लागू लागल्या.

अकराव्या भेटीनंतर घरी लिफाफा आला. पद्धतच होती तशी: भेटी संपत आल्या की काय काय बोलणं झालं त्याचं टिपण घरी पाठवायचं, आणि शेवटच्या भेटीला 'हे बरोबर आहे' म्हणून सही करायची. टाचणीला ते वाचता येणं शक्य नव्हतं. लेक चौदा वर्षांची, तिथल्या शाळेत जाणारी, तिच्या हातात लिफाफा आधी पडला. आई स्वयंपाकघरातून येईपर्यंत तिचं वाचून झालेलं होतं आणि ती रडत होती.

टाचणीने हातातलं फडकं तिथेच टाकलं. "अगं, ऐक माझं..." एवढंच ती म्हणू शकली.

"तू मला सांगितलं का नाहीस?" लेक म्हणाली, आणि येऊन गळ्यातच पडली. "मी त्या दिवशी बाबांशी बोललेसुद्धा नाही. मला वाटायचं, बाबा घरातून कुणी काही न म्हणताच गेले. आणि तू म्हणाली होतीस!"

"काय म्हणाले होते?"

"हे बघ ना." लेकीने बोट ठेवून एकेक शब्द आपल्या भाषेत लावला. "सहावी भेट. पतीशी शेवटचं बोलणं प्रेमाचं झालं. त्या सकाळी त्यांना 'सांभाळून जा' असं म्हणून निरोप दिला, याचा त्यांना आधार वाटतो."

टाचणीने ते तीनदा वाचायला लावलं. मग विचारलं, "दाराबद्दल काही लिहिलंय?"

"दाराबद्दल? नाही. दाराचं काय?"

"काही नाही."

तेव्हा तिला कळलं, की डॉक्टरीणबाईंनी तिला क्षमा केलीच नव्हती. क्षमा झाली होती ती दुसऱ्याच एका बाईला, सांभाळून जा म्हणणाऱ्या, गोड बोलणाऱ्या, कधी जन्मालाच न आलेल्या बाईला. टाचणी सहा आठवडे त्या बाईची झोप झोपली होती. कुणी आपल्या अंगावर घातलेला उबदार कोट भर रस्त्यात 'माफ करा, हा दुसऱ्याचा' म्हणून काढून घ्यावा, तशी ती गारठली. लेकीने मात्र ते वाक्य आपल्या अक्षरात एका चिठ्ठीवर लिहिलं आणि दाराला आतून चिकटवलं.

शेवटच्या भेटीला टाचणी अर्धा तास आधी गेली. ताई बाहेरच्या बाकावर चष्मा पुसत बसल्या होत्या. टाचणीने तो कागद त्यांच्या मांडीवर ठेवला.

"ताई, मी असं म्हणाले होते?"

ताईंनी कागद उचललासुद्धा नाही. कुठली ओळ ते त्यांना ठाऊक होतं. "अहो, मी तुम्हाला वाचवलं," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "तुम्ही नव्या आहात, तुम्हाला कल्पना नाही. आपल्यात मर म्हणणं म्हणजे काय, तोंडची वाफ. मीसुद्धा आमच्या ह्यांना रोज म्हणते. रोज सकाळी मरतात आणि संध्याकाळी येऊन जेवायला काय विचारतात. पण हे यांच्या भाषेत नेलं ना, की ते वाक्य सुरी होतं. नवऱ्याचं मरण चिंतलं, असं लिहून घेतलं असतं. पुढे कागद कुठे जातो, कोण वाचतं, काय सांगावं? तुमच्या पदरात वयात आलेली पोर आहे."

"मग तसं सांगायचं होतंत. आमच्यात हे रोज म्हणतात, असं सांगायचं. त्याच्यासाठीच तुम्ही तिथे बसता ना?"

"सांगून कळत नाही हो त्यांना. तीस वर्षं बघतेय मी. सगळ्या म्हणतात तुमच्या रीतीभाती समजून घेऊ, आणि आपण खरं बोललो की नजर बदलते. आपलीच शोभा होते."

हा 'आपली' शब्द टाचणीला सर्वांत लागला. परक्याने फसवलं असतं तर माणूस चार शिव्या देऊन मोकळा होतो. हिने तर मायेने फसवलं होतं, पेपरमिंटची गोळी हातावर ठेवून.

"ताई, मी तुमच्याकडे उंची कमी करायला दिलं होतं," ती म्हणाली. "तुम्ही मला दुसऱ्याचंच कापड घरी दिलंत. आणि मी ते सहा आठवडे अंगावर मिरवलं. तुम्ही बघत होतात."

"तुम्हाला झोप लागत होती!" ताईंचा आवाज चढला. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, तेही खोटं नव्हतं. "मी अजून काय करायला हवं होतं?"

दार उघडलं. डॉक्टरीणबाई प्रसन्न हसल्या आणि म्हणाल्या, "बसा."

कागद टेबलावर आला, त्यावर पेन आलं. टाचणीने पेनला हात लावला नाही. आठवडाभर ती वर्कशॉपमध्ये ज्या शब्दाची तयारी करत होती तो तिला कुणाला विचारावाच लागला नव्हता. तिथलं जुनं मशीन बंद पडलं की सगळ्या जणी कपाळावर हात मारून तिथल्या भाषेत ओरडत, "मेलं!" त्या मुलखात रोज मरणारं असं ते एक मशीनच काय ते होतं. तिने त्या ओळीवर बोट ठेवलं, मान हलवून नाही म्हणाली, आणि त्यांच्या भाषेत, शिवणीला टाका घालावा तसा एकेक शब्द ठेवत म्हणाली, "मी. त्याला. म्हणाले. मर."

डॉक्टरीणबाईंचा चेहरा बदलला. त्यांनी आधी तिच्याकडे, मग ताईंकडे पाहिलं. ताई खाली बघत होत्या. मग बाईंनी एक छोटा प्रश्न विचारला, टाचणीला उद्देशून. प्रश्नातला 'हवं' हा शब्द टाचणीला कळला. गिऱ्हाईक रोज तोच वापरतं. तुम्हाला तसं हवं होतं का?

ती तोंड उघडणार तोच ताईंनी उत्तर देऊन टाकलं. लांबलचक, घाईघाईने. यांना तसं म्हणायचं नव्हतं, असलंच काहीतरी.

"थांबा," टाचणी म्हणाली. एवढ्या महिन्यांत पहिल्यांदाच तिने ताई म्हटलं नाही. "दुभाषी बाई, तुम्ही गप्प बसा."

आणि तिने चाळीस शब्दांची आपली पुंजी उपसली. "रोज मी म्हणते, मर. रोज तो घरी येतो. रोज. त्या दिवशी मी म्हणते, मर, दार. तो... तो म्हणतो, पहिलं दार. मग मर." हसतो हा शब्द तिला येत नव्हता, म्हणून ती स्वतःच हसून दाखवायला गेली, आणि तिच्या तोंडून निघाला तो आवाज हसण्याचा नव्हता. "तो दार लावतो," ती म्हणाली. पुढचे शब्द संपले.

 मग डॉक्टरीणबाई बोलू लागल्या. हळू बोलल्या, तिच्या डोळ्यांत बघत, चांगलं गजभर बोलल्या. टाचणीने जिवाचे कान केले. त्यात 'दार' आलं, एकदा 'तो' आलं, एकदा 'नाही' आलं. पण काय नाही? चूक नाही, की क्षमा नाही, की मला समजत नाही? तिने चेहरा वाचायचा प्रयत्न केला. डोळे ओले होते, पण ते तर सहाव्या भेटीतही ओले झाले होते, त्या दुसऱ्या बाईसाठी.

त्या थांबल्या आणि त्यांनी ताईंकडे पाहिलं.

ताईंनी घसा साफ केला. "सांगू का, त्या काय म्हणाल्या?"

टाचणीने त्यांच्याकडे पाहिलं. सांगतील खरं, कदाचित अगदी शब्दाला शब्द सांगतील. पण त्यांनी "तुमची काही चूक नाही" म्हटलं तर ते कुणाचं समजायचं? आणि "चूक आहे" म्हटलं तरी कुणाचं?

"नको," ती म्हणाली आणि उठली.

डॉक्टरीणबाईही उठल्या. त्यांच्या हातात आपल्या भाषेतला एकच शब्द होता, तो त्यांनी दोन्ही हात पुढे करून, जवळजवळ विनवणीने म्हटला. "बसा."

आता हे थांबा होतं की या आता, हेही टाचणीला कळलं नाही. सही न करता ती बाहेर पडली.

घरी जाताना बसमध्ये ती बाईंचे ते शेवटचे बोल ओठांत घोळवत राहिली, टाचण्या धरतात तसे, एकही गळू नये म्हणून. अर्थ कळत नसला तरी आवाज तर आठवत होते. असा एकच माणूस होता, जो ते आवाज ऐकून खरं काय ते सांगू शकला असता, आणि त्याला खोटं सांगायचं काही कारण नव्हतं. पण लेकीला विचारायचं तर आधी सगळंच सांगावं लागणार होतं.

लेक दारातच उभी होती. "केलीस सही? आता तो कागद आपलाच ना?"

दाराला आतून ती चिठ्ठी होती. गेल्या आठवड्यापासून पोर बापाच्या फोटोकडे सरळ बघू लागली होती.

"हो," टाचणी म्हणाली. "आपलाच."

दुसऱ्या दिवशी ती घरी आणलेल्या पँटच्या तळाला टाचण्या लावत बसली होती. बाईंच्या बोलांतले निम्मे आवाज एव्हाना पुसले गेले होते. 'दार' तेवढं राहिलं होतं. लेकीने दप्तर पाठीला लावलं, दार उघडलं आणि उंबऱ्यात घुटमळली. हे तिचं नवीनच सुरू झालं होतं.

"आई, म्हण ना. बाबांना म्हणाली होतीस तसं."

तोंडात चार टाचण्या होत्या. त्या तिने एकेक करून काढल्या आणि पँटला नीट खोचल्या.

"सांभाळून जा," ती म्हणाली.

पोरगी हसली आणि धडधडत जिना उतरून गेली, दार सताड उघडं टाकून. गार वारा आत आला. टाचणीच्या जिभेच्या टोकावर शब्द आले होते, ते तिने गिळले, आणि उठून स्वतःच दार लावलं.